तिसऱ्या पायरीवरची चिठ्ठी

एकाच घरात वर धाकटी आणि खाली थोरली, अशा दोन जावा राहत होत्या, आणि नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. याला रुसवा म्हणत नाहीत. रुसवा चार दिवसांचा पाहुणा असतो. हे वैर होतं, आणि दोघींनी ते चांदीच्या भांड्यासारखं घासूनपुसून ठेवलं होतं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते एकमेकांशी बोलत, पण बायका घरात नसताना.

मधे सासूबाई. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. एक महिना वर, एक महिना खाली, दर एक तारखेला बदली. आता त्यांच्या गोळ्या किती, पथ्य काय, झोप लागते की नाही, हे पुढच्या घराला सांगणार कसं? त्यावर थोरलीने तोड काढली होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर औषधांचा डबा ठेवायचा आणि डब्याखाली चिठ्ठी. "पांढरी गोळी सकाळी. कान दुखतो म्हणतात, पण दुखत नाही." वर नाव नाही, खाली सही नाही. जिने चिठ्ठी वाचली तिने तिच्यावर आडवी रेघ ओढून ती परत पायरीवर ठेवायची, म्हणजे लिहिणारीला कळायचं की पोचली. रेघ दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी पुन्हा. अशा रीतीने तोंड न उघडता नऊ वर्षांत सासूबाईंची एक गोळी चुकली नव्हती.

"तुम्हा दोघींच्या मधे मी म्हणजे टपालपेटी," सासूबाई म्हणायच्या. "फरक एवढाच की पेटीला भूक लागत नाही."

दुर्दैव असं की दोघी कामालाही एकाच ठिकाणी होत्या. नवजात बाळांच्या रक्ततपासणीची प्रयोगशाळा. बाळ दोन दिवसांचं झालं की त्याच्या टाचेला सुई टोचायची, जाड कागदाच्या कार्डावर रक्ताचे चार ठिपके घ्यायचे आणि कार्ड इकडे पाठवायचं. धाकटी तपासणीच्या यंत्रावर होती. थोरली दोन खोल्या पलीकडे डेटाबेस सांभाळायची. वैर व्हायच्या आधी थोरलीनेच धाकटीला तिथे चिकटवलं होतं, आणि तेव्हापासून हे आठवलं की ती स्वतःच्याच अकलेला हात जोडायची.

थोरलीचं काम बाहेरच्या माणसाला दिसत नाही. तपासणीचा निकाल तक्त्यात पडला की एक हुकूम आपोआप जागा होतो, त्याला ट्रिगर म्हणतात. निकाल वाईट असेल तर बाळाच्या आईबापांना मोबाईलवर संदेश गेला पाहिजे. पण थोरलीचा ट्रिगर स्वतः संदेश पाठवत नसे. तो फक्त एका वेगळ्या तक्त्यात चिठ्ठी टाकायचा: या बाळाच्या घरी कळवा. एवढं करून तो झोपी जायचा. मागे एक प्रोग्रॅम सतत चालू असायचा, तो मिनिटाला एकदा चिठ्ठ्या उचलायचा, संदेश धाडायचा आणि पोचल्याची खूण करायचा. खूण नसेल तर पुन्हा धाडायचा. ज्याने सांगायचं आणि ज्याने करायचं त्यांची एकमेकांशी गाठ पडायची गरज नाही. काम मात्र अडत नाही. ही अक्कल तिला कुठल्या पुस्तकातून आली, असं कुणी विचारलं की ती उत्तर देत नसे.

उत्तर दुसरीकडून गेलं. तिसऱ्या पायरीची गोष्ट एक दिवस सगळ्या हापिसाला कळली आणि थोरलीचं नाव 'चिठ्ठीबाई' पडलं. ती कुणी पसरवली हे विचारायची थोरलीला गरज नव्हती.

वैराचं मूळ थोरलीच्या मुलात होतं. तो सात वर्षांचा असताना एकदा शाळेला सुट्टी होती आणि रजेवर असलेली धाकटी त्याला सांभाळत होती. दुपारी पोराला ताप भरला, ताप डोक्यात चढला, आकडी आली. धाकटीने त्याला उचलून इस्पितळात नेलं. थोरली संध्याकाळी घरी आली तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "अगं, तुला ठाऊक नाही?" त्या चार शब्दांसरशी ती तशीच इस्पितळाकडे धावली. पोरगा दोन दिवसांत खडखडीत बरा झाला. आज सोळाचा आहे, दारातून जायला वाकावं लागतं. पण इस्पितळाच्या व्हरांड्यात तिने धाकटीला गाठलं होतं.

"कळवलं का नाहीस मला?"

"हापिसात तीनदा फोन केला. तुमचा मोबाईल दुरुस्तीला. तिथल्या फोनवाल्या बाईंकडे निरोप दिला."

दुसऱ्या दिवशी थोरलीने फोनवाल्या बाईंना विचारलं. बाईंनी निरोपांची वही समोर धरली. त्या तारखेला तिच्या नावे एकही निरोप नव्हता.

"वहीत नोंद नाही," थोरली घरी येऊन म्हणाली. "म्हणजे तू केलाच नाहीस. माझं पोर मरत होतं आणि वर खोटं बोलतेस?"

धाकटी काहीतरी बोलायला गेली तेव्हा थोरलीने दार आपटलं. ते नऊ वर्षं आपटलेलंच राहिलं.

मग प्रयोगशाळेत नवे साहेब आले. मुख्यालयातून आलेले, चौतिशीचे, बोलताना घड्याळाकडे बघणारे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी थोरलीला सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, वाईट निकाल आईबापांना कळायला दोन-दोन मिनिटं लागतात. का?"

"मागचा प्रोग्रॅम मिनिटाला एकदा चिठ्ठ्या बघतो म्हणून."

"मधे चिठ्ठी हवीच कशाला? ट्रिगरलाच सांगा, थेट पाठव."

"ट्रिगरने दाराबाहेर जायचं नसतं, साहेब. तो जागा होतो तेव्हा नोंद अजून पक्की झालेली नसते. शेवटच्या घटकेला ती फिरली, म्हणजे रद्द झाली, तर तिच्याबरोबर चिठ्ठीही पुसली जाते, कुणाला पत्ता लागत नाही. बाहेर गेलेल्या संदेशाला परत कोण आणणार?"

"नोंद फिरेल कशाला?"

"माणसांची बोटं असतात म्हणून."

"मॅडम," साहेब हसून म्हणाले, "चिठ्ठ्या जिन्यावर ठेवा. इथे नकोत."

खोलीत हशा पिकला. काचेपलीकडे धाकटी मान खाली घालून कार्डं लावत होती. ती हसली की नाही हे थोरलीला दिसलं नाही. हसलीच असणार, असं तिने धरलं. साहेबांनी बाहेरचा माणूस बोलावून दोन दिवसांत ट्रिगर बदलून घेतला. थोरलीने विरोध लेखी कळवला. त्याला उत्तर आलं नाही.

पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं, आणि साहेब रोज तसं सांगत.

मग एका मंगळवारी सकाळी, दार उघडायच्या आधीच, प्रयोगशाळेच्या पायरीवर एक बाई बसलेली. मांडीवर अकरा दिवसांचं बाळ, पायात दोन वेगवेगळ्या चपला. सोमवारी संध्याकाळी पाच एक्केचाळीसला तिला संदेश आला होता: "आपल्या बाळाच्या तपासणीत गंभीर दोष आढळला आहे. बाळाला ताबडतोब घेऊन या." तोवर चौकशीची खिडकी बंद झाली होती आणि फोन कुणी उचलत नव्हतं.

खिडकीवरच्या माणसाने नंबर टाकून पाहिलं. "असा निकालच नाही."

"मग हे काय आहे?" तिने मोबाईल काचेवर आपटला.

"बाई, आमच्याकडे नोंद नाही."

"मी सबंध रात्र दूध पाजू की नको म्हणून बसलेय! दुधानेच बाधत असेल तर? आजारी आहे की नाही, एवढं सांगा ना कुणीतरी!"

शेवटी तिच्या बाळाचं कार्ड सापडलं, तेही तपासणीच्या रांगेत, यंत्राला अजून न लागलेलं. ते पुढे घेऊन तपासलं. दुपार झाली. बाळ ठणठणीत होतं. संदेश खरा ज्यांच्यासाठी होता त्या दुसऱ्या घरालाही तो सोमवारीच दोन मिनिटांनी पोचला होता आणि त्यांच्या बाळावर उपचार सुरू झाले होते. पण हे ऐकून त्या बाईचा जीव शांत झाला नाही, आणि का व्हावा?

"कुणी केलं हे? मला फक्त तोंड बघायचंय," ती म्हणाली.

साहेबांनी काचेतून बोट दाखवलं. बाई काचेजवळ गेली, धाकटीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तुला पोरं नसतील."

धाकटीला मूल नव्हतं. सगळ्या हापिसाला ते माहीत होतं. ती हातातलं कार्ड खाली ठेवून उभी राहिली, आणि बाई निघून गेल्यावरही तशीच उभी होती. थोरली दारात होती. नऊ वर्षं या जावेला लागेल असा शब्द ती शोधत आली होती. परक्या बाईने तो एका दमात टाकला, आणि थोरलीला तो आपल्याच तोंडून निघाल्यासारखा वाटला. तिला ते आवडलं नाही.

साहेबांनी दुपारीच तिला बोलावलं.

"संदेश तुमच्या जाऊबाईंच्या लॉगिनवरून गेलाय. म्हणजे त्यांनी चुकीच्या बाळाच्या नावे निकाल भरला. आणि तक्त्यात तो नाही, म्हणजे चूक कळल्यावर खोडला. चूक आणि वर लपवाछपवी."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, पडद्याने नोंद नाकारली, म्हणून पुन्हा भरली. नाकारली तर संदेश भुताने पाठवला?" त्यांनी एक कागद पुढे सरकवला. यंत्रणेत कोणताही दोष नाही, चूक मानवी आहे, असं त्यावर छापलेलं होतं. "शुक्रवारी मुख्यालयातून बाई येतायत चौकशीला. तुमची सही झाली की जाऊबाईंना घरी बसवायचं. तुमचं त्यांच्याशी कसं आहे ते मला कळलंय. तुम्हाला तर हे सोपंच."

थोरलीने कागद पर्समध्ये घातला. नाही म्हणाली नाही.

ती एक तारीख होती. घरी आली तर सासूबाई खाली आलेल्या, पायरीवर डबा, डब्याखाली चिठ्ठी. अक्षर नेहमीचं, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. "डाव्या पायाला सूज, मीठ कमी. डोळ्यांचे थेंब संपत आलेत." बाकी चकार शब्द नाही. थोरलीने रेघ मारली.

"वरची रडत होती," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "नोकरी जाणार म्हणे. तुला बरं वाटलं असेल."

"वाटलं."

"खरं बोललीस, हे एक बरं केलंस." मग त्या म्हणाल्या, "ती तसली नाही गं. भांडकुदळ आहे, तिखट आहे, माझ्या पथ्यात नको तेवढी काटेकोर आहे. पण लपवत नाही. लपवता येत असतं तर तुझ्याशी गोड बोलून नसती का राहिली?"

"आई, तुम्ही झोपा."

"सात वाजलेत. झोपा काय?"

बुधवारी सकाळी थोरली सही करायलाच बसली. कागदाला निकालांच्या तक्त्याचं पान जोडायचं होतं, म्हणून तिने सोमवारच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक नोंदीला आपोआप अनुक्रमांक मिळतो. ४८,२०९. ४८,२१०. ४८,२११. ४८,२१३.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ४८,२१२ नव्हता.

दवाखान्यात नंबर घेऊन बसलेला माणूस कंटाळून उठून गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत, मधे तो रिकामाच जातो. इथेही तसंच असतं. नोंद सुरू झाली की अनुक्रमांक खर्च होतो. पुढे नोंद फिरली तर तिचं अक्षर न् अक्षर पुसलं जातं, अनुक्रमांक मात्र परत येत नाही. आता एखादी नोंद होऊन मागून खोडली तरी असाच खड्डा पडतो. पण खोडलेलं सगळं थोरलीच्याच दुसऱ्या एका ट्रिगरमुळे वेगळ्या तक्त्यात उतरतं. तिने तो उघडला. सोमवारची पाटी कोरी होती.

म्हणजे कुणी काही खोडलं नव्हतं. धाकटीने कार्डाचे दोन आकडे उलटसुलट टाकले. ट्रिगर जागा झाला, त्याने तडक संदेश पाठवला. त्यानंतर नोंदीच्या शेवटच्या तपासणीत कार्डावरची जन्मतारीख जुळली नाही आणि नोंद फिरली. पडद्यावर आलं, 'नोंद झाली नाही, पुन्हा भरा.' तिने पुन्हा भरली, बरोबर भरली, दोन मिनिटांनी. ती जे सांगत होती ते शब्दशः तसंच घडलं होतं.

धाकटी खरं बोलत होती. थोरलीला हे वाक्य मनातही धड पूर्ण करवेना. कारण ते पूर्ण झालं की त्याच्या मागून दुसरं येत होतं. वहीत नोंद नाही, म्हणजे केलंच नाही. असं नऊ वर्षांपूर्वी कोण म्हणालं होतं? साहेब म्हणाले नव्हते.

शुक्रवारी मुख्यालयातल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, करड्या आवाजाच्या, चहाला नको म्हणणाऱ्या. एका बाजूला साहेब, एका बाजूला धाकटी, तिचे हात मांडीवर, मान ताठ.

"सही केलेला कागद?" साहेबांनी हात पुढे केला.

"केला नाही," थोरली म्हणाली. "आधी एक दाखवायचंय. सरावासाठी ठेवलेल्या डेटाबेसवर. तोच ट्रिगर, तेच सगळं. एक खोटं बाळ तयार केलंय. बापाचा मोबाईल नंबर तेवढा खरा आहे."

तिने धाकटीकडे न बघता कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. "कार्ड नंबर भर. दोन आकडे उलटे टाक. त्या दिवशी टाकलेस तसे."

नऊ वर्षांतलं हे पहिलं वाक्य होतं आणि त्यातही टोमणा होता. धाकटीचे ओठ आवळले गेले. तिने आकडे टाकले, कळ दाबली.

पडद्यावर लाल अक्षरं आली: नोंद झाली नाही, पुन्हा भरा.

त्याच क्षणी साहेबांच्या खिशात मोबाईल थरथरला. मुख्यालयातल्या बाई म्हणाल्या, "वाचा ना."

साहेबांनी वाचलं. मनात वाचलं.

"मोठ्याने."

"आपल्या बाळाच्या तपासणीत गंभीर दोष..." साहेब थांबले. त्यांना दोन वर्षांची मुलगी होती. हे सगळं खोटं आहे, समोर घडलंय, हे ठाऊक असूनही त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा घातला.

"नोंद दाखवा बरं या बाळाची," थोरली म्हणाली. "नाही ना? मग हा संदेश भुताने पाठवला?"

"हा माझा अपमान आहे," साहेब म्हणाले.

"तुम्ही निदान खुर्चीवर बसून वाचलात. ती बाई पायरीवर बसली होती."

मग तिने गायब अनुक्रमांक दाखवला, खोडलेल्यांचा कोरा तक्ता दाखवला आणि पाच आठवड्यांपूर्वीचा स्वतःचा लेखी विरोध तारखेसकट टेबलावर ठेवला. "बोट चुकलं हे खरं आहे," तिने पुढे जोडलं. "बोटं चुकतात म्हणूनच शेवटची तपासणी ठेवलीय. तिने चूक पकडली. पण तोवर संदेश दाराबाहेर पडला होता, आणि दार साहेबांनी उघडून ठेवलं होतं."

मुख्यालयातल्या बाईंनी फार बोलायचं टाळलं. चिठ्ठ्यांचा तक्ता आजच्या आज परत बसवा, म्हणाल्या. धाकटीकडे वळून, "तुम्ही कामाला लागा." साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही थांबा."

व्हरांड्यात धाकटी आडवी आली.

"माझ्यासाठी केलंत असं मी समजणार नाही."

"समजू नकोस. नाहीच केलं."

"मग कशाला केलंत?"

"माझ्या कामावर आळ येत होता."

"तो ट्रिगर तुमचा नव्हताच."

"म्हणूनच." थोरली बाजूने निघून गेली. तिचे पाय भराभर पडत होते. मागून हाक आली असती तर तिला काय बोलावं ते सुचलं नसतं, आणि हाक आली नाही.

रविवारी, एक तारीख नसताना, तिने एक चिठ्ठी लिहिली. तीन फाडल्या, चौथी ठेवली. "त्या दिवशी हापिसात खरंच तीनदा फोन केला होतास?" रिकामा डबा पायरीवर, चिठ्ठी त्याखाली.

सोमवारी पाहिलं. चिठ्ठी तशीच, रेघ नाही. नियम नियम असतो. रेघ नसेल तर तीच पुन्हा. तिने डबा उचलून परत ठेवला. मंगळवारीही नाही.

"काय सारखी जिन्यात जातेस?" सासूबाईंनी विचारलं. "मी तर इथे आहे."

"काही नाही."

"इतकी वर्षं हेच ऐकतेय."

बुधवारी कामावरून आली तेव्हा चिठ्ठीवर आडवी रेघ होती. इतकी दाबून ओढलेली की कागद फाटला होता. खाली तेच अक्षर:

"चारदा. चौथ्या फोनचं सांगायच्या आत तुम्ही दार आपटलंत. डोळ्यांचे थेंब संपत आलेत, असं एक तारखेला लिहिलं होतं. आणलेत का?"

थोरली पायरीवरच बसली. दोनदा वाचलं. वर दार किलकिलं होतं की बंद, हे तिने मान वर करून पाहिलं नाही.

थेंब आणले नव्हते. या सगळ्यात ती साफ विसरली होती.

तिने पर्समधून पेन काढलं, चिठ्ठीवर आपली रेघ ओढली, चिठ्ठी परत तिसऱ्या पायरीवर ठेवली आणि पायातल्या चपला न काढताच थेंब आणायला निघाली.